भोपाळ: अपघातामागून आलेले कायदे आणि मागे राहिलेलं शहर

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये कीटकनाशकांच्या कारखान्यातून विषारी वायू गळला, तेव्हा कायदाच नव्हता, असं अनेकदा बोललं जातं. ते खरं नाही. कारखान्यांचा कायदा १९४८ पासून होता, कीटकनाशकांचा १९६८ पासून, पाणी प्रदूषणाचा १९७४ पासून आणि हवेचा १९८१ पासून. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणरक्षणाचं कलम ४८अ राज्यघटनेत आलं, त्यालाही आठ वर्षं होत आली होती. नव्हती ती माहिती. काली परेड भागातल्या त्या कारखान्याच्या टाकीत काय साठवलंय, ते बाहेर आलं तर काय करायचं, कुठल्या दिशेला जायचं, डॉक्टरांनी काय द्यायचं, हे शहरात कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मला हे प्रकरण पुन्हा उघडावंसं वाटतं ते यासाठी. भोपाळनंतर झालेल्या कायद्यांचा खरा गाभा माहितीचा हक्क हाच आहे, आणि आपण सगळ्यात कमी वापरतो तोही हाच.

कारखाना युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडचा. तिचे ५०.९ टक्के शेअर अमेरिकेतल्या युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनकडे, बाकीचे भारतीय वित्तसंस्था आणि भागधारकांकडे. तिथे ‘सेविन’ नावाचं कीटकनाशक बनायचं आणि त्यासाठी मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे एमआयसी, हा अतिविषारी पदार्थ लागायचा. १९७५ च्या भोपाळ विकास आराखड्यात अशा घातक उद्योगांची जागा शहराबाहेर दाखवलेली होती. तरी त्याच वर्षी सेविनच्या उत्पादनाचा परवाना याच जागेसाठी मिळाला. समोर जयप्रकाश नगर, पलीकडे काझी कॅम्प, चोला, रेल्वे कॉलनी. शहराचं रेल्वे स्टेशनही फार लांब नाही.

धोक्याच्या खुणा दिसत होत्या. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा जीव घेतला. मे १९८२ मध्ये अमेरिकेतून आलेल्या कंपनीच्याच पथकाने तपासणी करून गंभीर त्रुटींची यादी दिली. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहर वाचवा असं लिहायला सुरुवात केली. विधानसभेत प्रश्न आला तेव्हा कामगारमंत्र्यांनी सांगितलं की, कारखान्यात कोट्यवधी रुपये गुंतलेत, तो काही उचलून दुसरीकडे ठेवायचा दगड नाही, आणि भोपाळला धोकाही नाही. म्हणजे माहिती होती, पण ती कंपनीच्या फायलीत आणि एका साप्ताहिकाच्या थोड्या वाचकांत अडकलेली होती. ज्यांच्या घरात वायू शिरणार होता, त्यांच्यापर्यंत पोचवायची जबाबदारी कुठल्याच कायद्याने कुणावर टाकलेली नव्हती.

टाकी क्रमांक ६१० कडे जरा जवळून बघायला हवं, कारण पुढचे सगळे नियम तिच्याभोवती लिहिले गेलेत. त्या रात्री तिच्यात ४० टनांहून जास्त एमआयसी होता. हा पदार्थ शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवायचा असतो. कंपनीच्या स्वतःच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं होतं. पण थंड ठेवणारी यंत्रणा जून १९८४ पासून बंद होती आणि तिच्यातलं फ्रिऑन हे थंडावा देणारं द्रव्य काढून दुसरीकडे वापरलं होतं. टाकी कायमच कोमट राहिल्यावर तापमान वाढल्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेला काही अर्थ उरला नाही. गळणारा वायू धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर चालू स्थितीत नव्हता. वायू जाळणारा फ्लेअर टॉवर गंजलेल्या पाइपाच्या दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला. पाण्याचा फवारा होता, पण वायू ज्या उंचीवरून बाहेर पडत होता तिथवर पोचत नव्हता. खर्च कपातीत एमआयसी विभागातले लोक निम्म्यावर आणलेले आणि रात्रपाळीचा देखभाल पर्यवेक्षक काही दिवसांपूर्वीच काढून टाकलेला. अशा स्थितीत टाकीत पाणी शिरलं, आतला एमआयसी तापला आणि वायू बाहेर फुटला. पाइप धुताना आवश्यक ती अडसर-चकती न घातल्यामुळे पाणी शिरलं असं बहुतेक तपासण्यांचं म्हणणं; एका नाराज कामगाराने मुद्दाम सोडलं असं कंपनीचं. मला या वादात फारसा राम वाटत नाही. पाणी कुणीही सोडलेलं असो, सुरक्षेची एकही यंत्रणा कामाला आली नाही ही गोष्ट बदलत नाही.

आणि भोंगा. कारखान्यातला भोंगा आणि वस्तीला ऐकू जाणारा भोंगा आधीच वेगळे केलेले होते, किरकोळ गळतीला लोक घाबरू नयेत म्हणून. त्या रात्री एकच्या सुमारास बाहेरचा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद झाला. पुन्हा सलग वाजायला लागला तेव्हा दोन वाजून गेले होते आणि वायू घराघरांत पसरला होता. लोक जागे झाले ते डोळ्यांत आणि छातीत पेटलेल्या आगीने. वाऱ्याच्या दिशेने पळाले, धावताना आणखी वायू ओढून घेतला आणि रस्त्यावर कोसळले. एमआयसीची पाण्याशी प्रक्रिया होते. ओला कपडा नाकातोंडाला घट्ट धरून वाऱ्याला आडवं निघायचं, एवढं जरी ठाऊक असतं तरी कित्येक जण वाचले असते. हमीदिया रुग्णालयात रात्रभर माणसं येत राहिली. कंपनीकडून डॉक्टरांना सांगण्यात आलं की हा वायू डोळ्यांची आग करणारा आहे, जिवावर बेतणारा नाही. पाण्याने डोळे धुवा. पुढे शरीरात सायनाइड आहे का, त्यावरचा उतारा म्हणून सोडियम थायोसल्फेट द्यायचं का, यावरून महिनोन्‌महिने वाद चालला आणि ज्यांना उपचार हवे होते ते त्यात भरडले गेले.

किती माणसं गेली, याचा सरकारी आकडाही स्थिर राहिला नाही. सुरुवातीला २,२५९, नंतर ३,७८७, पुढे दाव्यांच्या निवाड्यात त्याहून खूप जास्त. पीडितांच्या संघटनांचे आकडे याच्या कितीतरी पट आहेत.

यापुढे प्रकरण दोन रस्त्यांनी जातं. एक रस्ता गॅसपीडितांच्या न्यायाचा, दुसरा देशाच्या कायद्यांचा. दोन्ही एकाच वेळी चालू होते, कधी तर एकाच महिन्यात, आणि तरी एकमेकांना जवळजवळ भेटलेच नाहीत.

पहिला रस्ता आधी. मार्च १९८५ मध्ये संसदेने खास कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा अधिकार एकट्या केंद्र सरकारकडे घेतला. सरकार न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेलं. तिथे भारत सरकारनेच सांगितलं की, आमची न्यायव्यवस्था असा खटला पेलू शकणार नाही. कार्बाइडच्या बाजूने नामवंत वकील नानी पालखीवाला यांनी भारतीय न्यायालयं पूर्ण सक्षम असल्याचं शपथपत्र दिलं. १२ मे १९८६ रोजी न्यायाधीश जॉन कीनन यांनी खटला भारतात चालवा म्हणून परत पाठवला. भोपाळचे जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी डिसेंबर १९८७ मध्ये ३५० कोटी रुपयांच्या अंतरिम भरपाईचा आदेश दिला. एप्रिल १९८८ मध्ये उच्च न्यायालयाने ती रक्कम २५० कोटींवर आणली. कार्बाइड सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १४ फेब्रुवारी १९८९ रोजी ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पीडितांना कुणी विचारलं नाही. तडजोड धरून चालली होती साधारण ३,००० मृत आणि एक लाखाच्या आसपास जखमी. पुढे प्रत्यक्षात पावणेसहा लाखांच्या घरात दावे मंजूर झाले. रक्कम तेवढीच राहिली, वाटेकरी पाचपट झाले. बहुतेक जखमींच्या हातात २५ हजार रुपये पडले आणि त्यातून आधी मिळालेली दरमहा २०० रुपयांची अंतरिम मदत वळती करून घेतली गेली. डॉलरचा भाव वाढल्यामुळे शिल्लक राहिलेले पैसे वाटायला सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये आदेश द्यावा लागला.

फौजदारी खटल्याचं वर्णन लांबवण्यासारखं त्यात काही नाही. युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनचे प्रमुख वॉरन अँडरसन ७ डिसेंबर १९८४ ला भोपाळला आले, अटक झाली, त्याच दिवशी जामिनावर सुटले आणि सरकारी विमानाने दिल्लीला गेले. परत आले नाहीत. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांवरचं सदोष मनुष्यवधाचं कलम काढून निष्काळजीपणाचं लावलं, ज्याला जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं. ७ जून २०१० रोजी, घटनेला साडेपंचवीस वर्षं झाल्यावर, ती शिक्षा सुनावली गेली आणि आरोपींना त्याच दिवशी जामीन मिळाला.

आता दुसरा रस्ता. न्यूयॉर्कचा निकाल आला त्यानंतर अकरा दिवसांनी, २३ मे १९८६ रोजी, पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या वर्षीच्या १९ नोव्हेंबरपासून तो लागू झाला. पर्यावरणावरच्या १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेचा हवाला त्यात आहे, पण तो इतक्या घाईने आला तो भोपाळमुळे. तोवर पाण्याचा कायदा वेगळा, हवेचा वेगळा, आणि रसायनांनी भरलेल्या टाकीकडे दोघांचंही लक्ष नाही, अशी अवस्था होती. या कायद्याने केंद्राला घातक पदार्थांची हाताळणी, कारखान्याची जागा, अपघात टाळण्याच्या उपाययोजना यांवर नियम करायचे अधिकार दिले. कलम ५ खाली कारखाना बंद करता येतो, त्याची वीज आणि पाणी तोडता येतं. पूर्वी त्यासाठी न्यायालयात जावं लागायचं. साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकालाही खटला दाखल करण्याची वाट कलम १९ ने उघडली. याच कायद्याच्या पोटातून पुढे १९८९ चे घातक रसायनांचे नियम, १९९१ ची किनारपट्टीची अधिसूचना आणि १९९४ ची पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना निघाली. जनसुनावणीला जाऊन आपण प्रकल्पाला हरकत घेतो, तिचं मूळ इथे आहे.

याच काळात न्यायालयानेही एक मोठं पाऊल टाकलं. भोपाळला वर्ष झालं आणि डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियम वायू गळला. तीस हजारी न्यायालयातल्या एका वकिलाचा मृत्यू झाला. या कारखान्याविरुद्ध वकील एम. सी. मेहता यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात आधीपासून चालू होतीच. २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने निकाल दिला. तोवर आपण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी निवाड्याचं तत्त्व चालवत होतो. त्यात दैवी आपत्ती, तिऱ्हाइताचं कृत्य अशा पळवाटा होत्या. घटनापीठाने त्या सगळ्या बंद केल्या. धोकादायक उद्योग करून नफा कमावणाऱ्याने त्यातून होणाऱ्या हानीची जबाबदारी कुठलीही सबब न सांगता घ्यायची. आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाई जास्त. कुणी मुद्दाम पाणी सोडलं, हा कार्बाइडचा बचाव या एका तत्त्वापुढे टिकलाच नसता. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १९८८ च्या आदेशात या निकालाचा आधार घेतलाही. पण तडजोड झाली आणि भोपाळच्या दाव्यात हे तत्त्व शेवटपर्यंत तपासलं गेलंच नाही. १९९१ मध्ये तडजोडीचा फेरविचार करताना सरन्यायाधीश रंगनाथ मिश्र यांनी तर श्रीराम निकालातला हा भाग बंधनकारक नसल्याचं म्हटलं. राजस्थानातल्या बिछडी गावच्या रासायनिक प्रदूषणाच्या प्रकरणात १९९६ मध्ये न्यायालयाने ते पुन्हा उचलून धरलं. आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे तत्त्व पाठ असतं. ज्या शहराकडे पाहून ते लिहिलं गेलं असं मला हा निकाल वाचताना सतत जाणवतं, त्या शहराला त्यातून एक रुपया मिळाला नाही.

माहितीच्या हक्काचं काय झालं? १९८७ मध्ये कारखाने कायद्यात नवं प्रकरण घालून घातक प्रक्रिया चालवणाऱ्या मालकावर कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि परिसरातल्या लोकांना धोक्याची माहिती देण्याची सक्ती केली गेली. १९८९ च्या नियमांनी मोठ्या धोक्याच्या कारखान्यासाठी आतला आपत्कालीन आराखडा मालकाने आणि बाहेरचा आराखडा जिल्हा प्रशासनाने करायचा, बाहेरच्या आराखड्याची वर्षातून एकदा तरी तालीम घ्यायची, आणि आजूबाजूच्या लोकांना भोंगा वाजला तर काय करायचं ते आधीच सांगायचं, असं लिहून ठेवलं. अमेरिकेतही हेच घडलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट या गावी कार्बाइडच्याच कारखान्यात ऑगस्ट १९८५ मध्ये गळती होऊन शंभराहून अधिक लोकांना रुग्णालयात जावं लागलं, आणि १९८६ मध्ये तिथे समाजाच्या माहितीच्या हक्काचा कायदा झाला. कुठला कारखाना दरवर्षी कुठलं रसायन किती सोडतो, हे तिथला माणूस घरबसल्या पाहू शकतो. भोपाळचं हे देणं त्यांनी आपल्यापेक्षा जास्त वापरलं, हे मान्य करावं लागतं.

७ मे २०२० ची विशाखापट्टणमची घटना याचा पुरावा आहे. एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून पहाटे स्टायरिन वायू पसरून १२ जणांचा बळी गेला. राज्य सरकारच्या उच्चस्तरीय समितीने अहवालात जे लिहिलं ते वाचताना टाकी ६१० आठवल्याशिवाय राहत नाही. थंड ठेवणारी यंत्रणा चोवीस तास चालू ठेवलेली नव्हती. भोंगे होते, ते वाजवण्याची सोय कारखान्यात ३६ ठिकाणी होती, एकही वाजला नाही. कंपनीने आधी स्वतःच शपथपत्रात सांगितलं होतं की, तिच्याकडे वैध पर्यावरण मंजुरी नाही. छत्तीस वर्षांत नियम झाले होते, प्राधिकरणं झाली होती, राष्ट्रीय हरित लवाद झाला होता. वस्ती तशीच झोपेत सापडली.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, भोपाळची सावली वेगळ्या रीतीने पडली. कार्बाइड २००१ मध्ये विकत घेणाऱ्या डाऊ केमिकल कंपनीचं संशोधन केंद्र चाकणजवळ शिंदे-वासुलीला येत होतं. २००८ मध्ये गावकरी आणि बंडातात्या कराडकर यांच्या नेतृत्वाखालचे वारकरी रस्त्यावर उतरले. आमच्या नद्या विषारी होणार नाहीत याची हमी द्या, आणि तुमच्या कंपनीने भोपाळचं काय केलं ते सांगा, असे त्यांचे प्रश्न होते. बांधकामाची जाळपोळ झाली आणि २०१० मध्ये कंपनीने तो प्रकल्प सोडून दिला. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. पण लोक तिथवर का गेले, हे समजायला कठीण नाही. संशोधन केंद्रात कुठली रसायनं येणार, हे गावाला सरळ भाषेत आधीच सांगितलं असतं तर वाद निदान कागदावरच्या मुद्द्यांवर झाला असता.

नागपूरचा संबंध तर थेट. भोपाळच्या कारखान्यात पडून राहिलेला साडेतीनशे टनांच्या आसपासचा विषारी कचरा जाळायचा कुठे, हा प्रश्न वर्षानुवर्षं राज्याराज्यांत फिरत राहिला. गुजरातने अंकलेश्वरला आणायला नकार दिला. मग नागपूरजवळच्या डीआरडीओच्या, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेच्या, भट्टीचं नाव आलं. विदर्भात विरोध झाला, महाराष्ट्र सरकारने नाही म्हटलं. जर्मनीला पाठवायचा बेतही फसला. शेवटी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशाने १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनरांतून ३३७ टन कचरा इंदूरजवळच्या पिथमपूरला नेला गेला. तिथल्या लोकांनी कडकडीत बंद पाळला, निदर्शनं झाली. त्यांचा प्रश्नही तोच होता: यात काय आहे आणि जाळल्यावर हवेत काय जाणार, हे आम्हाला कुणी सांगितलंय? जून २०२५ अखेर कचरा जाळून संपला. जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो, त्यामुळे उरलेली राख मूळ कचऱ्याहून जड भरली.

पण ३३७ टन म्हणजे वरचा थर. नागपूरचीच नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि हैदराबादची एनजीआरआय ही भूभौतिकी संस्था यांनी २०१० च्या सुमारास मांडलेल्या अंदाजानुसार कारखान्याच्या आवारातली जवळपास ११ लाख टन माती दूषित आहे. तिच्यातून झिरपलेलं पाणी वस्त्यांखाली गेलंय. लखनौच्या विषविज्ञान संस्थेला २०१८ मध्ये ४२ वस्त्यांच्या भूजलात दूषितपणा आढळला. अटल अय्यूब नगरसारख्या वस्तीत सरकारने हातपंप लाल रंगवून पाणी पिऊ नका असं लिहिलं. त्या घरांना नळाचं पाणी मिळावं म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये आदेश द्यावा लागला, आणि त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून २००६ मध्ये गॅसपीडित बाया-माणसं भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी चालत गेली. गॅसपीडितांसाठी लढणारे अब्दुल जब्बार यांच्या संघटनेच्या बायका दर शनिवारी यादगार-ए-शाहजहानी बागेत जमत राहिल्या, वर्षानुवर्षं. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या गॅसपीडित बायकांनी जन्मतः अपंग असलेल्या मुलांसाठी उपचार केंद्र उभं केलं. जे कायद्याने व्हायला हवं होतं ते या लोकांनी पायपीट करून मिळवलं.

वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे अंतिम निकालानंतरची शेवटची दाद, सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. दोन दशकांनी हा विषय उकरण्याचं पटेल असं कारण सरकारने दिलेलं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्याच वर्षी जनविश्वास कायद्याने १९८६ च्या पर्यावरण कायद्यातली सर्वसाधारण उल्लंघनासाठीची पाच वर्षांपर्यंतची कैद काढून तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. कैदेची तरतूद प्रत्यक्षात फारशी वापरली जात नव्हती आणि किरकोळ कागदी चुकीला तुरुंग नको, हा युक्तिवाद मला समजतो. पण बिघडलेली शीतयंत्रणा बंदच ठेवणं आणि वार्षिक विवरणपत्र उशिरा भरणं या दोन गोष्टी एकाच तराजूत घालणं मला पटत नाही. मोठ्या कंपनीच्या हिशेबात १५ लाख ही रक्कम एखाद्या टाकीच्या वर्षभराच्या देखभालीएवढीही नसते.

डोंबिवलीत मे २०१६ मध्ये स्फोट झाला आणि मे २०२४ मध्ये पुन्हा. तारापूर, तळोजा, लोटे, कुरकुंभ, पाताळगंगा या पट्ट्यांत कारखान्याची भिंत संपते तिथे चाळ सुरू होते. तिथे राहणाऱ्या कुणालाही जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा साधा अर्ज करता येतो: आमच्या भागातले मोठ्या धोक्याचे कारखाने कोणते, बाहेरच्या आपत्कालीन आराखड्याची प्रत द्या, मागची तालीम कुठल्या तारखेला झाली, तिच्यात आमच्या वस्तीतलं कोण होतं, आणि भोंगा वाजला तर आम्ही कुठल्या रस्त्याने बाहेर पडायचं. दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर हा अर्ज होतो, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.